चौदा मिलिमीटर

पेन थांबलं.

कवडी कुत्रीच्या जांघेत, जिथं केस नसतात तिथं, मी निळं बॉलपेन हळूहळू ओढत आणत होतो आणि एका जागी ते अडलं. कातडीखाली कडक काठ लागला. तिथं रेघ थांबवायची. मग समोरच्या बाजूनं तशीच दुसरी रेघ. दोन रेघांच्या टोकांमध्ये स्केल लावायचा, झालं माप.

"किती?" नवलूमामानं विचारलं.

"चौदा."

"चौदा काय?"

"मिलिमीटर."

"म्हंजे लई का थोडं?"

मी वहीत आकडा लिहिला आणि गप्प बसलो. गप्प बसायचं असं मॅडमनी बजावलं होतं.

सगुणा कवडीचं तोंड मांडीत धरून बसली होती. सगुणा म्हणजे नवलूमामाची पोरगी, वीस-एकवीसची. तिच्या डाव्या गालावर रुपयाएवढा फोड होता. वर खपली, कडेनं लाल. दुखत नव्हता, पण चार महिने झाले जात नव्हता. त्या फोडामुळंच आम्ही वर आलो होतो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीसचा होतो. आजऱ्याच्या पुढं, जिथं घाट संपून खाली कोकण दिसायला लागतं, तिथल्या डोंगरावर गवळी धनगरांचा वाडा आहे. वाडा म्हणजे वस्ती. सात घरं, म्हशी, आणि अकरा कुत्री. रानात बिबट्या, त्यामुळं कुत्र्याशिवाय म्हैस राहत नाही. सगुणाचा फोड आणि अजून एका म्हाताऱ्याच्या हातावरचा फोड तपासल्यावर कळलं की हा लेशमानिया. एक बारीक परजीवी. वाळूमाशी चावली की अंगात जातो. माणसाच्याही आणि कुत्र्याच्याही. म्हणून गोरक्षकर मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर, पण संशोधनवाल्या. मी त्यांचा ड्रायव्हर आणि कुत्री धरणारा.

धरणारा. हे लक्षात ठेवा, कारण मी स्वतः ते विसरलो होतो.

मॅडमनी सोमवारी प्रत्येक कुत्र्याचं रक्त घेतलं आणि जांघेत एक थेंब टोचला. मेलेल्या परजीवींचा अर्क होता तो. तीन दिवसांनी त्या जागी गाठ येते का, केवढी येते, ते मोजायचं. पण गुरुवारी त्यांना पुण्याला मीटिंगला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "धनाजी, तुला पेन ओढायला जमतं. मोज आणि मला फोनवर आकडे सांग. वाड्यावर कुणाला काही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, मॅडम येऊन सांगतील."

"हो मॅडम."

"आकडा लिहायचा. अर्थ नाही लावायचा."

"हो मॅडम."

तर मी अर्थ लावला.

माझं काय होतं, बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. पण वाचायचो. मोबाईलवर कायकाय बघायचो. औषधांच्या डब्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती सगळी वाचायचो, इंग्रजी लागलं तर शब्द शोधून. त्याआधी दोन वर्षं मी डेअरीच्या कॅम्पात होतो. गाईंची टीबीची तपासणी. मानेवर टोचायचं, तीन दिवसांनी बघायचं. गाठ आली की गाय बाजूला. अशा चाळीस-पन्नास गाई मी स्वतः दोरी धरून बाजूला काढल्यात. तेव्हा गाठ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. असं मला वाटायचं.

आणि वाड्यावर मला डाक्टर म्हणायचे. पहिल्या दिवशी मी "डाक्टर नाही ओ" म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो नाही.

"आता हरण्या," नवलूमामा म्हणाला.

हरण्या त्याचा लाडका. तीन वर्षांचा, उंच, हरणाच्या रंगाचा, अंगावर तेल लावल्यासारखी चकाकी. वाड्यावर कोण आलं की नवलूमामा आधी हरण्या दाखवायचा आणि मग म्हशी. कवडी उलटी. आठ-नऊ वर्षांची, पांढऱ्यावर काळे ठिपके, एक कान कोपऱ्यातनं खाल्लेला, नाकावर जुना व्रण. पण ती माझ्या हातातलं बिस्कीट फार जपून घ्यायची, दात न लावता. हरण्या बोटासकट ओढायचा.

हरण्याच्या जांघेत पेन ओढलं. सरळ गेलं. दुसऱ्या बाजूनं ओढलं. सरळ. टोचल्याची खूणसुद्धा सापडेना.

"शून्य," मी म्हणालो, आणि आवाजात जरा आनंद आला असणार, कारण नवलूमामाचा चेहरा उजळला.

"म्हंजे ह्यो चांगला."

मी वहीत शून्य लिहिलं.

"डाक्टर, मला येड्यात काडू नगा," तो म्हणाला. "माज्या हातावर बी आसंच टोचलं हुतं, गडहिंग्लजला. तीन दिसानं गाठ आली. मग सा म्हैने गोळ्या खाल्ल्या. टीबी हुता मला. गाठ म्हंजे काय त्ये मला सांगायला लागत न्हाई."

"मॅडम येऊन सांगतील."

"मॅडम कवा येनार?"

"शनिवारी."

"आयतवारी पावनं येनार हायती." त्यानं सगुणाकडं बघितलं नाही, पण आवाज खाली आणला. "हिला बगायला. आदीच ह्यो गाल. त्यात त्येंनी इचारलं, कशानं झालं, आनि दारात रोगाचं कुत्रं बसल्यालं आसलं तर?"

सगुणा म्हणाली, "रोगाचं हाय कुटं? चांगली खातीया."

शेजारच्या घराच्या दारात बमूबाबा बसला होता. वाड्यातला सगळ्यात म्हातारा. ज्याच्या हातावर फोड होता तोच. तो म्हणाला, "आगं, डाक्टरला ठावं हाय. बोलत न्हाई. मोठी मान्सं बोलत न्हाईत."

आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, बमूबाबानं ते चिडवायला म्हटलं होतं. मला ते तेव्हा कौतुक वाटलं.

माझ्याकडं अजून एक गोष्ट होती. मॅडमनी खाली खोलीवर रक्ताच्या पट्ट्या केल्या तेव्हा मी बाजूला उभा होतो. हरण्याच्या पट्टीवर दुसरी रेघ गडद आली होती, कवडीच्या पट्टीवर पुसट. मी विचारलं होतं, ही रेघ कशाची? मॅडम म्हणाल्या होत्या, अँटीबॉडीची. अँटीबॉडी मला माहीत होती. रेबीजच्या लशीच्या चिठ्ठीत वाचलेली. अँटीबॉडी म्हणजे ताकद. झाली की बेरीज. हरण्याकडं ताकद आहे आणि गाठ नाही. कवडीकडं ताकद नाही आणि गाठ चौदा.

"रोग आहे तिच्यात," मी म्हणालो.

नवलूमामानं कवडीकडं बघितलं.

"आणि हरण्या स्वच्छ आहे."

सगुणानं कवडीचं तोंड सोडलं नव्हतं. "नक्की?"

"मी किती गाई बघितल्यात," मी म्हणालो.

"ही गाय न्हाई."

"टेस्ट तीच असते."

नवलूमामानं मान हलवली, आपल्याला आधीच माहीत होतं अशी. बाकीची नऊ कुत्री मोजून मी साडेबाराला निघालो. सगुणा मला दरवेळी ताक द्यायची, त्या दिवशी दिलं नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. काहीतरी ठरवून दिल्यासारखं.

*

वाड्यावर रेंज नाही. खाली येताना अर्ध्यात एक मोठा कातळ आहे, त्याच्यावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. मॅडमचा फोन तीनपर्यंत लागला नाही. मी कातळावर करवंदं खात बसलो. एप्रिलचं ऊन होतं.

लागला तेव्हा मी एकेक वाचत गेलो. तीन, शून्य, पाच, दोन. त्या नुसत्या "हं, हं" करत होत्या.

"कवडी, चौदा."

"परत सांग."

"चौदा."

पलीकडं मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा ऐकलं नव्हतं. "धनाजी, तीन वर्षं मी असं एक जनावर शोधतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला हा रोग कधीतरी होऊन गेलाय आणि तिनं तो जिरवलाय. तिच्या पेशींना तो ओळखता येतो. आपण नुसता मेलेला अर्क टोचला तर सगळ्या धावून आल्या. ती गाठ म्हणजे त्यांची गर्दी."

मी बोटातलं करवंद खाली टाकलं.

"गाठ चांगली?"

"इथं चांगली. खूप चांगली. तिचं रक्त मला जपून घ्यायचंय. हरण्या सांग."

"शून्य."

"काहीच नाही?"

"पेन सरळ गेलं."

"वाटलंच होतं. ती पट्टी बघितलीस ना, एवढी गडद."

"मॅडम, अँटीबॉडी म्हणजे चांगलं असतं ना?"

"सगळीकडं नसतं. हा परजीवी पेशीच्या आत जाऊन बसतो. चोर घरात शिरून आतनं कडी लावून बसलाय असं समज. अँटीबॉडी म्हणजे बाहेर रस्त्यावर उभे केलेले पोलीस. शंभर उभे केले तरी दार उघडत नाही. हरण्याच्या अंगात नुसते पोलीस वाढतायत. घरातलं कुणी उठलेलंच नाही. तो आज छान दिसतोय, पण आजारी तो आहे."

मी वहीतल्या शून्याकडं बघत होतो.

"धनाजी? तिथं कुणाला काही सांगितलं नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो.

फोन खिशात घातला आणि वर पळत सुटलो.

काय होणार आहे ते मला नीट माहीत होतं. त्या वाड्यावर कुत्रं मारत नाहीत. नको असलेलं कुत्रं शिवेपार करतात. डोळ्यांना फडकं बांधून, पोत्यात घालून, ओढा ओलांडून पलीकडच्या रानात नेतात. तिथं बिबट्याची वाट आहे. मारलं नाही असं म्हणायचं आणि हात धुवायचे. बमूबाबानंच मला हे पहिल्या दिवशी चहा पिताना सांगितलं होतं.

पावणेपाचला वर पोचलो. छाती फुटायची बाकी होती. सगुणा ओसरीच्या पायरीवर बसली होती, पुढ्यात स्टीलची ताटली. ताटलीला भाताची शितं चिकटलेली.

"कवडी कुठाय?"

"न्हेली."

"कधी?"

"तुमी गेल्यावर. दूधभात घातला. आज ताटलीत घातला, मान्सांच्या." ती ताटलीकडंच बघत होती. "शिवेपार करताना ताटलीत घालत्यात. तिला वाटलं काय सनबिन हाय. सगळा खाल्ला."

"चल. आणूया."

"का?"

मी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "मॅडमना तिचं रक्त पाहिजे. तपासायला."

ती उठली. एवढंच विचारलं, "रक्त घिऊन परत सोडनार?"

मी म्हणालो, "बघू."

ओढ्यावरच नवलूमामा भेटला, येताना. वाहत्या पाण्यात हात धूत होता. खांद्यावर रिकामं पोतं. मी तेच रक्ताचं सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "सकाळी सांगायचं नव्हं." पण वळला. माणूस मुळात वाईट नव्हता. पाऊण तास चढून आम्ही एका ऐनाच्या झाडापाशी आलो.

बुंध्याला दोरी होती. चावून तोडलेली. कुत्री नव्हती.

"बांधली हुतीस?" सगुणानं विचारलं. बापाला एकेरी बोलली ती, एरवी बोलायची नाही.

"मागं येती की न्हाईतर." नवलूमामानं दोरीचं टोक हातात घेतलं. बराच वेळ धरून होता. "वाखाची बांधली. नायलॉनची घरात हुती."

मी हाका मारल्या. सगुणानं मारल्या. दरीतनं आमच्याच हाका परत आल्या. जमिनीवर पालापाचोळा, त्यात पाऊल उमटत नाही. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं तसा नवलूमामा म्हणाला, "आता हितं थांबायचं न्हाई. ही वाट आपली न्हवं."

*

मी रात्री वाड्यावरच राहिलो. झोपलो म्हणायला. उजाडताच पुन्हा बाहेर. शुक्रवारी दुपारपर्यंत मी आणि सगुणा ओढ्याच्या अल्याड-पल्याड, कड्यापर्यंत फिरलो. एका जागी रक्त दिसलं, थोडं. कुणाचं ते कळत नव्हतं. सगुणा त्याच्याजवळ वाकली आणि पुढं चालायला लागली.

परतताना ती म्हणाली, "डाक्टर, एक इचारू?"

"डाक्टर म्हणू नको."

"तुमाला तिचं रक्त पायजे का ती पायजे?"

"ती."

"का?"

"मॅडमला—"

"मॅडमचं न्हाई इचारलं. रोगाच्या कुत्रीसाटी कोन असं काट्यात शिरतंय? तुमचं पाय बगा."

पाय सोलून निघाले होते. आम्ही वाड्याकडं वळलो. आलो तेव्हा नवलूमामा दारात बसला होता आणि बमूबाबा त्याच्या शेजारी विडी ओढत. हरण्या दाराच्या उंबऱ्याशी पसरलेला. कवडीची जागा. तिथंच सगुणा आणि तिची धाकटी भावंडं झोपायची.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर सांगणं झालं नसतं.

"मामा, माझी चूक झाली. गाठ आली म्हणजे रोग नसतो, यात. गाठ आली म्हणजे अंग लढतंय. कवडीला रोग नाही. तिनं तो केव्हाच परतवलाय. मला माहीत नव्हतं. मॅडमनी सांगू नको म्हटलेलं, तरी मी सांगितलं. काल फोनवर कळलं. कालच सांगायला पाहिजे होतं, तेही सांगितलं नाही."

एका दमात बोललो. मग काय करायचं ते सुचेना म्हणून तसाच उभा.

सगुणा खांबाला टेकली. रडली नाही. तिनं तो फोड खाजवला, जो खाजवू नको म्हणून मॅडमनी दहा वेळा सांगितलेलं.

बमूबाबानं विडी दगडावर विझवली. "म्हंजे गाठ आली ती बरी, न आल्याला आजारी. आनि ज्येला इचारलं त्यो डाक्टर."

मला वाटलं आता नवलूमामा उठेल. दोन तडाखे देईल. मला ते हवे होते. पण त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तो हरण्याकडं बघत होता. हरण्यानं शेपटी आपटली, दोनदा.

"मग ह्यो?" नवलूमामानं विचारलं.

मी मान खाली घातली.

"ह्याला तू स्वच्छ म्हन्लास."

"हो."

"मी ह्याला काल पोरांच्या उशाला निजवला."

"माशी चावल्याशिवाय नाही होत, मामा. नुसता जवळ झोपून—"

"आता बी तूच सांगतुयास?"

तेवढंच बोलला. उठून हरण्याच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला म्हशींच्या गोठ्यापलीकडं नेऊन बांधलं. नायलॉनची होती दोरी. हरण्या रात्रीपर्यंत रडत होता, त्याला कळेना आपण काय केलं.

*

शनिवारी मॅडम आल्या. मी त्यांना घ्यायला खाली गेलो आणि गाडीत बसायच्या आतच सगळं सांगितलं, फोनवरच्या "नाही"सकट. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"माप बरोबर होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चौदाच?"

"चौदाच."

मग त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या शर्टाच्या खिशातलं निळं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. "गाडी चालव," म्हणाल्या. अख्ख्या रस्त्यात एवढंच.

वर पोचल्यावर मॅडमनी हरण्याला तपासलं. मागच्या पायाची नखं वाढलेली, पोटाखालच्या गाठी सुजलेल्या, डोळ्यांभोवतीचे केस विरळ होत चाललेले. सगळं आधीपासून होतं. आम्ही सगळे त्याची चकाकी बघत होतो. रोज गोळ्या, कदाचित वर्षभर, मॅडम म्हणाल्या. मच्छरदाणीत ठेवायचं. औषधी पट्टा गळ्यात. बरा पूर्ण होईलच असं नाही. नवलूमामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिवेपार करू नको म्हनतायसा."

"नाही. करू नका."

"एक केलं त्येच पुरं झालं," तो म्हणाला.

रविवारी दहाला पाहुणे आले. खालच्या अंगाच्या एका वाड्यावरचे, चार माणसं आणि एक बाई. मॅडम आणि मी शेजारी बमूबाबाच्या ओसरीवर बसलो होतो, निघायच्या तयारीत. सगुणानं चहा आणला. बाईनं गालाचं विचारलंच. सगुणा म्हणाली, "माशी चावून झालंय. औषिद चालू झालंय. डाग ऱ्हाईल." ती असं सरळ बोलल्यावर बाईला पुढं काय विचारायचं ते सुचेना. तिनं चहा प्यायला.

तेवढ्यात वरच्या वाटेनं कवडी आली.

पुढचा उजवा पाय उचलून धरलेला. खांद्यावर ओरखडे, सुकलेले. गळ्यात वाखाच्या दोरीचा वीतभर तुकडा लोंबत होता. ती पळत नव्हती, शेपटी हलवत नव्हती. चालत आली आणि अंगणाच्या कडेला थांबली. आत यायचं का नाही हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

पाहुण्यांतला एकजण तो दोरीचा तुकडा बघून म्हणाला, "ह्ये कुनाचं? सोडल्यालं दिसतंय."

नवलूमामाच्या हातात बशी होती. त्यानं ती खाली ठेवली.

"आमचं," तो म्हणाला. आणि मग, जरा मोठ्यानं, "आमचंच हाय. सात-आट वर्सं."

सगुणा ट्रे तिथंच टाकून गेली. अंगणातच बसली तिला घेऊन, पाहुण्यांसमोर, नेसलेल्या नव्या लुगड्यासकट. दोरी सोडायला बोटं चालेनात तर दातांनी तोडली.

मॅडम तिकडं गेल्या. वाकून, हळू आवाजात बोलत त्यांनी कवडीला आडवं केलं. टोचणाऱ्या त्याच होत्या, तरी कवडीनं त्यांना पाय उचलू दिला. त्यांनी जांघेत बघितलं आणि मला हाक मारली. "धनाजी, ये. बघ."

मी खिशातनं बिस्कीट काढलं आणि गेलो.

पाच-सहा पावलांवर असेन. कवडीनं मान वळवली. तिच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत उभे राहिले आणि घशातनं आवाज आला, बारीक, थांबून थांबून. भुंकली नाही. नुसती माझ्याकडं बघत तो आवाज काढत राहिली. मी अजून एक पाऊल टाकलं. आवाज वाढला.

"तिथंच थांब," मॅडम म्हणाल्या.

थांबलो. तिथनंही दिसत होतं. माझ्या दोन निळ्या रेघा, पुसट झालेल्या, आणि मधे गाठ.

"अजून आहे," मी म्हणालो.

"राहते काही दिवस." त्यांनी सुईची टोपी काढली. "एकदा ओळखलं की अंग इतक्या लवकर सोडत नाही."

सगुणानं कवडीचं तोंड मांडीत घेतलं. माझ्याकडं बघितलं. धरायचं काम माझं होतं. त्या दिवशी तिनं धरलं.

*

हरण्याच्या गोळ्या मी नेऊन द्यायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी, अकरा महिने. कातळापासून वर वळण आहे. तिथं मी पोचायच्या आतच कवडीचा आवाज सुरू व्हायचा. बाकीची नऊ कुत्री शेपटी हलवत येत. मी वळणावरच्या दगडावर गोळ्यांची पुडी ठेवायचो आणि मागं सरकायचो. कुणीतरी येऊन न्यायचं. हरण्या दोन वर्षं काढून गेला, गोठ्यापलीकडं, जाळीत. नवलूमामा शेवटी शेवटी तिथंच झोपायचा, जाळीच्या बाहेर.

सगुणाचं लग्न त्या पाहुण्यांकडंच झालं. गालावर डाग आहे, जवळनं बघितलं तर.

मी अजून हेच काम करतो. आता दुसऱ्या मॅडमबरोबर. मापं घेतो, आकडे लिहितो. लोक विचारतात, मी म्हणतो, डॉक्टर सांगतील. चिडतात लोक. चिडू देत.

मागच्या मार्चमध्ये त्या बाजूला काम निघालं म्हणून वर गेलो. कवडी अजून आहे. पंधराच्या वर वय असेल. दोन्ही डोळ्यांत मोती, दात गेलेले, दिवसभर ओसरीवर उन्हात पडून असते. सगुणा माहेरी आली होती, कडेवर पोर. ताक दिलं तिनं. मी अंगणाच्या बाहेरच उभा राहून प्यायलो.

"या की आत. दिसत न्हाई तिला आता काय," सगुणा म्हणाली.

मी एक पाऊल आत टाकलं. वारा माझ्या पाठीमागनं वाड्याकडं वाहत होता.

कवडीनं डोकं उचललं नाही. डोळेसुद्धा उघडले नाहीत. पण पाठीवरचे केस, होते तेवढे, मानेपासून एकेक करून उभे राहत गेले.

मी पाऊल मागं घेतलं.